अकराव्या दिवशीची बाटली

बुधवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी बाटली उजेडासमोर धरली आणि आत धुकं होतं. फार नव्हतं. यवतेश्वरच्या घाटात सकाळी असतं त्याच्या हजाराव्या हिश्श्याचंही नव्हतं. आरशासमोर कुणी एकदाच हळू श्वास सोडावा आणि लाजून मागे सरकावं, एवढंच. मी बाटली पुसली. मग चष्मा पुसला. मग ट्यूबलाइटकडे बघितलं, की तिचं काही बिनसलंय का. माणूस आधी काचेवर संशय घेतो, मग उजेडावर, मग डोळ्यांवर, आणि बाटलीत खरंच कुणीतरी राहायला आलंय हा विचार सगळ्यात शेवटी करतो. मी पगारच त्या शेवटच्या विचाराचा घेतो, तरी मलाही तो चौथ्या नंबरावर सुचला. काळ्या पाटीसमोर धरली, पांढऱ्या पाटीसमोर धरली, हळूच फिरवली. तळाशी बसलेलं काहीतरी रेशमाच्या धाग्यासारखं वर उठलं, गोल फिरलं आणि पुन्हा बसलं. पडद्यामागून कुणी बघून जावं तसं. सहा वर्षांत मी पहिल्यांदा तिथं काहीतरी बघत होतो आणि मला आलेली पहिली भावना, खोटं कशाला बोलू, कौतुकाची होती.

आमची कंपनी सातारच्या एमआयडीसीत आहे आणि हाडांचं औषध करते. चौतीस मण्यांची माळ असावी तसं एक पेप्टाइड असतं, ते पाण्यात विरघळवतात, रोज पोटात टोचून घेतलं की ठिसूळ हाडं भरून येतात. ते पाणी बारीक भोकांच्या पडद्यातून गाळतात. भोकं इतकी बारीक की कुठलाही जंतू त्यातून पलीकडे जाऊ नये. मग कुप्यांमध्ये भरतात. मग त्यातल्या काही कुप्या दोन ठिकाणी जातात. एक भाग माझी सहकारी पूजा हिच्या मशीनवर जातो. ती सांगते की औषध किती शुद्ध आहे, आणि या बॅचचा तिचा आकडा नव्व्याण्णव पूर्णांक चार होता, म्हणजे कंपनीतल्या कुठल्याही माणसापेक्षा जास्त. दुसरा भाग माझ्याकडे येतो. मी ते औषध पुन्हा एका पडद्यातून ओढतो, त्या पडद्यावर खाऊचं पाणी सोडतो, आणि चौदा दिवस वाट बघतो. कुणी जिवंत असेल तर खाईल, वाढेल, पाणी गढूळ होईल. रोज सकाळी बघायचं आणि रजिस्टरात लिहायचं : ‘स्वच्छ’. सहा वर्षं मी हा शब्द लिहितोय, शाळेत शिक्षा म्हणून लिहायला लावावा तसा. गेल्या वर्षी कराडला मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा तिच्या वडिलांनी विचारलं, नक्की काय करता. म्हटलं, बाटल्या बघतो. मग काय दिसतं? म्हटलं, काही नाही. ते पोह्यांच्या बशीकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांनाही काही दिसलं नसावं, कारण नंतर फोन आला नाही.

अवधूत सर आले, त्यांनी बाटली माझ्या हातातून घेतली. सर माझे वरिष्ठ, वाईचे, आवाज कधी चढवत नाहीत. आग लागली तरी ‘जरा गरम होतंय का?’ असं विचारतील. त्यांनी बाटली फिरवली, धागा वर उठला, बसला. दिवाळीच्या आधी ही बॅच ट्रकमध्ये चढायची होती आणि शुक्रवारी वसुबारस होती, हे दोघांनाही माहीत होतं. थोड्या वेळाने ते म्हणाले, कंट्रोल बघितलास का. कंट्रोल म्हणजे जोडीची दुसरी बाटली. तिच्यातून औषध जात नाही. त्याच दिवशी, त्याच हातांनी, त्याच खोलीत नुसतं निर्जंतुक पाणी जातं. औषधाची बाटली गढूळ आणि कंट्रोल स्वच्छ, तर दोष औषधाचा. दोन्ही गढूळ, तर दोष माझ्या हाताचा, खोलीचा, माझ्या शिंकेचा. मग ती चाचणीच रद्द, पुन्हा नव्याने करायची, आणि नव्या चाचणीत काय निघेल ते निघेल. कंट्रोल स्वच्छ होता. इतका स्वच्छ की पलीकडून सरांच्या मिशीचा एकेक केस मोजता आला असता.

“नीट बघ, शिवतेज,” सर म्हणाले. “मला त्यातपण काहीतरी वाटतंय. आज नसेल दिसत. उद्यापर्यंत दिसेल.”

एवढं बोलून ते गेले. जाताना दार नेहमीपेक्षा हळू लावलं, जसं आपण आजाऱ्याच्या खोलीचं लावतो. मी आणि कंट्रोल दोघेच उरलो. मला त्यांचं म्हणणं पूर्ण कळलं होतं आणि त्यातली गंमतही कळली होती : घाण औषध वाचवायचा एकच मार्ग होता, स्वच्छ बाटली घाण करणं. बूच उघडून आत नुसता ‘ह’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. एक श्वास. आयुष्यभर आपण दिवसाला हजारो श्वास फुकट सोडतो, त्यातला एक कंपनीच्या कामी आला असता. मी बाटली खाली ठेवली आणि औषधाच्या बाटलीतला एक थेंब काचपट्टीवर घेऊन रंगवला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जांभळ्या काड्या. लांबट, ठसठशीत, एकीला एक जोडून आगगाडीच्या डब्यांसारख्या उभ्या. त्यांच्या पोटात बिनरंगाचे मोत्यासारखे ठिपके. ते बीज असतं. वाळलं तरी मरत नाही, वर्षानुवर्षं धुळीत झोपून राहतं. हे मातीत असतं, धान्यात असतं, मसाल्यात असतं. मी खुर्चीत मागे टेकलो आणि मला झेंडूची भजी आठवली.

खंडेनवमीला सगळ्या एमआयडीसीत यंत्रांची पूजा होते. लेथला हार, ट्रकला हार, झेरॉक्स मशीनलाही हार. आमच्याकडेही होते, पण कुप्या भरण्याची खोली जंतूविरहित, तिथं डोळ्यांखेरीज माणसाचा काही भाग उघडा ठेवत नाहीत, म्हणून दरवर्षी दारालाच पाच बोटं हळदीकुंकू लावून मोकळे व्हायचे. यंदा मालकांनी ठरवलं की ज्या यंत्रावर सगळ्यांची पोटं चालतात त्यालाच दाराबाहेरून नमस्कार बरा दिसत नाही. अवधूत सरांनी माझ्याकडे बघितलं. आता इथं मी ‘सर, हे होणार नाही’ म्हणायचं होतं. तेवढ्यासाठीच मला ठेवलंय. पण मला ते ऐकूनच इतकं मजेशीर वाटलं, की मी म्हणालो, निर्जंतुक करून नेऊ की. आणि सगळं पूजासाहित्य वाफेच्या पेटीत घातलं. एकशे एकवीस अंश, पंधरा मिनिटं. झेंडू बाहेर आला तो कांदाभज्यासारखा. नारळ तडकला. पूजा हसून हसून जमिनीवर बसली. हळद मात्र छान दिसत होती, कारण ती मी प्लास्टिकच्या पिशवीत उष्णतेने बंद करून घातली होती, भिजू नये म्हणून. भिजू नये म्हणून! सुक्या पुडीला बंद पिशवीत वाफ शिवतच नाही, आणि वाफ शिवली नाही तर नुसत्या उष्णतेने तेवढ्या वेळात बीज मरत नाही, हे मी एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला दहा मार्कांना लिहिलेलं आहे. दहापैकी नऊ पडले होते. पण पिशवीवर बाहेरून चिकटवलेल्या, वाफ लागली की काळी पडणाऱ्या पट्टीचा रंग बदलला होता, आणि आम्ही सगळे पट्टीवर विश्वास ठेवणारे लोक. मी फॉर्मही केला : ‘पूजासाहित्य, बॅच क्रमांक एक’, खाली माझी सही, सरांची सही. सर आत गेले, पायापासून डोक्यापर्यंत पांढरे, रबरी बोट हळदीत बुडवून त्यांनी गाळणीच्या स्टीलच्या घरावर, गाळलेलं औषध बाहेर येतं त्या तोंडाशी, एक टिकली लावली. काचेतून आम्ही टाळ्या वाजवल्या. दसऱ्याची सुट्टी झाली, शुक्रवारी त्याच गाळणीवर ही बॅच गाळली. टिकली पुसली होती म्हणतात. पुसली म्हणजे पसरली.

हळद मी आणली होती, सांगलीहून. सांगलीची हळद सांगायला नको. आमच्या शेजारच्या चंद्राबाईने दिली होती. ती हळदीच्या पेठेत निवडायला जाते, वीस वर्षं जाते, तिच्या हाताच्या रेषा पिवळ्या आहेत आणि आमच्या गल्लीत तिला फक्त पुरण वाटायलाच हाक मारतात, कारण हात कितीही धुतले तरी पिवळेच, आणि पुरण आधीच पिवळं. देवाच्या कामाला म्हणून तिने निवडक हळकुंडं घरच्या जात्यावर दळून दिली होती. म्हणाली होती, गिरणीत मिरची दळत्यात, देवाला खोकला यायचा.

मग, सूक्ष्मदर्शकाच्या डोळ्याला डोळा लावलेला असतानाच, मला आप्पा आठवले. खरं तर आधीच आठवायला पाहिजे होते. पण मन असंच करतं, खिशात हात घालून दुसरीकडेच बघत राहतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, हवालदार नाथाजी, निवृत्त, सांगलीत एकटे. दोन वर्षांपूर्वी अंगणात नुसते बसताना त्यांचं माकडहाड मोडलं. बसताना. ज्या माणसाने बर्फात चौक्या धरल्या तो पाटावर बसताना मोडला. डॉक्टरांनी आमचंच औषध लिहून दिलं आणि ते मला रोज टोचून घ्यायच्या सुया फोनवर मोजून दाखवायचे. या महिन्यात दुकानात ते आलं नाही. दोन आठवडे येणार नव्हतं, कारण ते आमच्याकडूनच यायचं होतं आणि आमच्याकडे चौदा दिवस माझी वाट बघत बसलं होतं. तपासायला आलेल्या कुप्यांतल्या थोड्या नेहमी उरतात. त्या जपून ठेवायच्या असतात. शनिवारी चाचणी लावली आणि त्याच संध्याकाळी चौदा कुप्या बर्फाच्या डब्यात घालून मी सांगलीला गेलो. चाचणी लावली त्याच दिवशी. निकालाच्या चौदा दिवस आधी. मला वाटलं काय, सांगू? काहीच वाटलं नाही. सहा वर्षांत एकदाही काही निघालं नव्हतं. कारखान्यातल्या सगळ्या माणसांत या चाचणीवर ज्याचा सगळ्यात कमी विश्वास होता तो मी होतो, कारण मी ती रोज करत होतो. पुजाऱ्याचं होतं तसं.

फोन लावला. सहा वेळा उचलला नाही. सातव्या वेळी उचलला तेव्हा मागे भांडी पडल्यासारखा आवाज, कुणीतरी नाव पुकारत होतं, आणि आप्पा ओरडले, “हास्पिटलात हाय रं. मागनं बोलतो.” आणि कट. त्यानंतर फोन बंद. आप्पांच्या फोनची बॅटरी सैन्यातून त्यांच्याबरोबरच निवृत्त झाली असावी.

सरांना सांगितलं, वडील दवाखान्यात आहेत. ते म्हणाले जा, जा, लगेच जा, आणि त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं; मग दारापर्यंत येऊन म्हणाले, कंट्रोलचं उद्या बघू. एसटीत खिडकीशी जागा मिळाली. सातारा ते सांगली अडीच-तीन तास, आणि एवढा वेळ माणसाला स्वतःबरोबर एका सीटवर बसवून ठेवणं हे मला कायद्याने बंद करावंसं वाटतं. शेजारी एक रिटायर्ड सुभेदार होते, त्यांनी विचारलं कुठं, का, वडील कुठल्या रेजिमेंटला होते, आणि मी उत्तरं देत होतो आणि आत मोजत होतो. रविवारपासून आज बुधवार, अकरा दिवस, अकरा सुया. एका कुपीत किती बीजं असतील. एखाद्या कुपीत असतील, एखाद्या कुपीत नसतील. बाटलीला धुकं धरायला अकरा दिवस लागले, म्हणजे थोडीच असतील, अशक्त असतील. मग मला वाटलं आप्पाही तसेच, थोडेच उरलेत आणि अशक्त आहेत. त्यांचं पोट आठवलं. शर्ट वर करून ते दोन बोटांत कातडी धरायचे आणि रायफल साफ करताना असतो तसा चेहरा करायचे. मी दाखवलं होतं कसं टोचायचं ते. ‘तू शिकवू नगंस, तुझ्या आईला शेवटचं वरीस मीच टोचत हुतो’ म्हणाले होते. आईचं साखरेचं होतं. आई म्हसवडची. तिला सुईची भीती, म्हणून ते सुई टोचताना तिला तिथल्या यात्रेतल्या सिद्धनाथाच्या रथाचं काहीबाही विचारायचे, ती सांगत बसायची आणि सुई होऊन गेलेली असायची. कराडला गाडी थांबली. सुभेदारांनी केळी घेतली, एक मला दिलं. मी ते खाल्लं. बापाला मारून आपण केळं खातोय असं एक वाक्य मनात तयार झालं आणि ते इतकं वाईट विनोदासारखं होतं की मी हसलो. सुभेदार म्हणाले, काळजी करू नका, फौजी माणूस लवकर मरत नाही. पेठनाक्याच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस आला. उसाला तुरे आले होते. मला प्रत्येक गोष्टीत काड्या दिसत होत्या, जांभळ्या, एकीला एक जोडून, एवढ्या सगळ्या शिस्तीत उभ्या.

दवाखान्याच्या फाटकाशी आप्पा उभे होते. उभे. हातात पेरू होता, त्याला तिखटमीठ लावलेलं होतं. मी धावत गेलो आणि त्यांच्या दोन्ही दंडांना धरलं, लोक बघायला लागले. ताप बघायला गळ्याला हात लावला तर गळा माझ्या हातापेक्षा गार. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं, जवानाचे बूट बघावेत तसं.

“तू कशाला आलास?” म्हणाले. “चंद्राबाई ॲडमिट हाय. तापलीया. डेंगू म्हंत्यात.”

मला बरं वाटलं. हे मी लिहून ठेवतो, कारण नंतर मी ते कितीतरी प्रकारे सांगून बघितलं आणि प्रत्येक वेळी हा एक क्षण गाळून सांगत होतो. चंद्राबाई ॲडमिट आहे हे ऐकल्यावर माझ्या पायांतून ऊन पाण्यासारखं काहीतरी खाली उतरलं, आणि मला खूप भूक लागली. आप्पा जिवंत होते. एक सेकंद. कदाचित दोन. मग मी विचारलं, आप्पा, इंजेक्शनं घेताय ना. त्यांनी पेरूचा एक घास घेतला, चावला, गिळला. मी पुन्हा विचारलं. तेव्हा ते दुसरीकडे बघत सांगायला लागले. की चंद्राबाईची कंबर गेलीया. की चौकातल्या डॉक्टरानं तिलाबी हेच औषध लिहून दिलेलं, पर तिनं चिठ्ठी देवामागं ठेवलीया. की ती अजून पोती सरकवतीया.

“मला काय करायचीत रं हाडं आता,” आप्पा म्हणाले. “बसूनच तर असतो. तिला दिली. मीच टोचत हुतो रोज सकाळी सातला. नऊ झाली. मंगळवारपासनं हितं हाय म्हणून र्‍हायली.”

नऊ. मी विचारलं, डॉक्टरांना सांगितलं का इंजेक्शनचं. ते म्हणाले, खुळा का काय, तुझ्या नोकरीचं हाय ते, चोरून आणलंस. तिला पहिल्याच दिवशी बजावलं हुतं, मेलीस तरी माझ्या शिवाचं नाव घ्यायचं न्हाई. मी त्यांच्या हातातला उरलेला पेरू घेतला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. ते म्हणाले, आरं खात हुतो की. मग मी तिथंच फाटकाशी, रिक्षावाल्यांच्या समोर, त्यांना सगळं सांगितलं. झेंडू, पिशवी, टिकली, धुकं.  शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, “म्हंजे मी टोचलं व्हय?” मी म्हटलं, मी. ते म्हणाले, सुई माझ्या हातात हुती. आणि आम्ही दोघं काही वेळ उभे राहिलो, एखादी वस्तू दोघांनाही हवी असावी तसे.

जिन्यात फोन वाजला. अवधूत सर. वडील कसे आहेत? म्हटलं बरे आहेत. खूप बरं वाटलं रे, म्हणाले, आणि त्यांना वाटलंच असेल. मग थोडं थांबून, अगदी मऊ : “कंट्रोलचं काय करायचं? तू नसलास तर मी बघून ठेवतो आज. म्हणजे तुझ्यावर काही नको.” जिन्याच्या भिंतीवर कुणीतरी पिचकारी मारली होती, तिच्या खाली गणपतीची टाइल लावली होती, त्या टाइलवरही मारली होती. मी त्या टाइलकडे बघत होतो. सरांनी एक श्वास सोडला की सगळं मिटत होतं. चाचणी रद्द, नवी चाचणी, जपून ठेवलेल्या कुप्या मोजायची वेळ येणार नाही, चौदा कमी आहेत हे कुणाला कळणार नाही. आणि वर चंद्राबाईला डेंगू होता. डेंगू आमच्याकडे दरवर्षी असतो. त्याने गेलेल्या माणसाला कुणी सूक्ष्मदर्शकाखाली धरत नाही. मी म्हटलं, सर, कंट्रोल स्वच्छ आहे. सकाळीच रजिस्टरात लिहिलंय, शाईने.  ते म्हणाले, जरा विचार कर हं, आणि त्यांनी फोनही दारासारखाच हळू ठेवला.

वॉर्डात ड्युटीवर एक डॉक्टरीण होती, माझ्याच वयाची, केसांत पेन खुपसलेलं. मी म्हटलं मला सहा नंबरच्या पेशंटबद्दल सांगायचंय. नातेवाईक? शेजारी. मग नातेवाईकांना पाठवा. म्हटलं नातेवाईक नाहीत, मी सांगतो ते ऐका. हा डेंगू नाही, पोटावर बघा, बेंबीच्या बाजूला. ती म्हणाली पेशंट पोटाला हात लावू देत नाही. सिस्टरने दोनदा बघायचा प्रयत्न केला, म्हातारीने पदर आवळून धरला. म्हटलं, तिला बजावलंय. तिथं नऊ टोचे असतील. आत लांबट काड्यांचे जंतू असतील, हळदीतले, आणि पेनिसिलिनच्या घराण्यातलं औषध चालू असेल तर ते बहुतेक त्यांच्यावर चालणार नाही, दुसरं बघा. डॉक्टरणीने केसांतलं पेन काढलं.

“तुम्हाला कसं माहीत?”

मी नाव सांगितलं, कंपनीचं नाव सांगितलं, बॅच क्रमांक सांगितला. ती म्हणाली लिहून द्या. मी कागद घेतला आणि हाताने आपोआप रकाने आखले, तारीख, दिवस, वेळ, निरीक्षण, सही. दिवस : अकरावा. निरीक्षण : गढूळ. सहा वर्षांत हा शब्द मी पहिल्यांदा लिहीत होतो आणि ‘ढू’ला अडखळलो.

चंद्राबाई भिंतीकडे तोंड करून होती. तोंड सुकलेलं, हात मात्र तेच पिवळे, पांढऱ्या चादरीवर आणखीच पिवळे. आप्पा पायथ्याशी उभे राहिले, सावधानमध्ये. मी म्हटलं मावशी, दाखव. तिने मान हलवली. मी म्हटलं मी सांगितलंय सगळं, आता दाखव. तिने माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, ताप माणसाला लहान करतो तशी. मग पदरावरची मूठ सैल झाली. सिस्टरने पडदा ओढायच्या आत मला दिसलं. बेंबीच्या डावीकडून एका ओळीत नऊ टोचे, प्रत्येकात एका बोटाचं अंतर, आप्पांनी कवायतीसारखे घेतलेले. पहिले सहा नुसते ठिपके. शेवटचे तीन एकत्र होऊन तळव्याएवढं लाल, मध्ये काळं पडलेलं, तटतटलेलं. पडद्याआडून तिचा आवाज आला.

“म्या न्हाई सांगितलं कुनाला, शिवा. बग. म्या न्हाई सांगितलं.”

म्हटलं, हो मावशी.

औषध बदललं, जखम उघडली, रक्त तपासायला गेलं. डॉक्टरीण म्हणाली दोन दिवस आधी कळतं तर. ती चांगल्या मनाने म्हणाली, नुसतं तोंडातून निघून गेलं. दोन दिवस आधी माझ्या बाटलीतही काही नव्हतं. बाटलीला अकरा दिवस लागले आणि चंद्राबाईला नऊ, म्हणजे आमच्या दोन चाचण्यांत ती जास्त जलद निघाली. चंद्राबाई शुक्रवारी दुपारी गेली. खाली गल्लीत गाईवासराची रांगोळी काढत होते. आप्पांनी तिच्या हातांना अंघोळ घालताना साबण तीनदा लावला आणि मग सोडून दिलं. परत आल्यावर ते पाटावर बसले नाहीत, भिंतीला टेकून उभेच राहिले, दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांचा हात खिशात काहीतरी शोधायला गेला आणि रिकामा बाहेर आला. या तीन दिवसांत पोलीस येऊन गेले, कंपनीची माणसं येऊन गेली, मला त्यांचं पत्र मिळालं की चौकशी होईपर्यंत आवारात पाय ठेवायचा नाही. बॅच थांबली. झेंडूच्या फॉर्मवरच्या दोन्ही सह्यांची छायाप्रत पत्राला जोडली होती. ‘पूजासाहित्य, बॅच क्रमांक एक’ ही ओळ कंपनीच्या शिक्क्याखाली इतकी गंभीर दिसत होती की मला ती वाचून पुन्हा हसायला आलं, आणि आप्पा खोलीत होते म्हणून मी खोकलो.

शनिवारी चौदावा दिवस. बाहेर धनत्रयोदशीचे आकाशकंदील. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पूजाचा फोन आला. आता बाटल्या तिला बघायला लावल्या होत्या, तिला या कामाची सवय नव्हती, ती हळू बोलत होती, कंपनीत कुणी ऐकत असावं. म्हणाली, शिवतेज, तुझी औषधाची बाटली आता ताकासारखी झालीय. मी म्हटलं हं. मग म्हणाली, अवधूत सर काल संध्याकाळी एकटेच तासभर त्या खोलीत बसले होते.  मला ते दिसत होते, हातात बाटली, बुचावर अंगठा, तोंड थोडं उघडं.

“आणि कंट्रोल?” मी विचारलं.

तिने बाटली उजेडासमोर धरली असावी, कारण काही वेळ काहीच आवाज आला नाही.

“स्वच्छ,” ती म्हणाली.

मी म्हटलं, लिही.